शेवटचा दिवस नागपुरात: रात्रीच्या गाडीपूर्वी जुने शहर पाहण्याची रीत

ताडोब्याहून किंवा पेंचहून परतलेल्या पाहुण्यांचा सुट्टीतला शेवटचा दिवस बहुधा नागपुरात उगवतो. शेवटची सफारी आदल्या दिवशी आटोपलेली असते, मुंबई-पुण्याची गाडी संध्याकाळी किंवा रात्री असते, आणि मधले दहा-बारा तास हॉटेलच्या खोलीत लोळत नाहीतर मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर घालवले जातात. आमच्याकडे उतरणाऱ्या नातेवाइकांचा हा प्रकार कित्येक वर्षे पाहत आल्यामुळे, आणि ‘नागपुरात पाहण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात एकदा तरी ऐकावा लागत असल्यामुळे, त्यांना तोंडी सांगतो तोच क्रम येथे लिहून काढला आहे.

या शहराची एक मोठी सोय नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नागपूरचे रेल्वे स्थानक दोन नागपुरांच्या सीमेवर उभे आहे. रुळांच्या पूर्वेला गोंड राजांनी वसवलेले आणि भोसल्यांनी वाढवलेले जुने शहर आहे. पश्चिमेला सीताबर्डीची टेकडी आहे आणि तिला लागून इंग्रजांनी आखलेली सिव्हिल लाइन्स. त्यामुळे सामान स्थानकावर ठेवून सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची अशा दोन फेऱ्या केल्या, तर दोन्ही वेळा पाय आपोआप स्थानकाकडे वळतात, गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही, आणि शहराचा इतिहासही जवळजवळ घडला त्याच क्रमाने पाहून होतो. हा क्रम उलटा करू नये. दुपारी बारा वाजता महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत शिरलेला पाहुणा पुढे आयुष्यभर नागपूरच्या वाहतुकीबद्दलच बोलत राहतो.

आदल्या रात्री करायची कामे

सर्वांत आधी तिकीट काढून त्यावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे. पुण्याकडच्या काही गाड्या अजनी स्थानकावरून सुटतात, आणि अजनी हे नागपूरपासून अवघ्या तीन किलोमीटरांवर असले तरी ते वेगळे स्थानक आहे. एका वर्षी आमच्या मावशीला निरोप द्यायला आम्ही पाच माणसे नागपूर स्थानकाच्या फलाटावर डबा शोधत फिरत होतो आणि तिची गाडी अजनीला उभी होती. तिकीट मीच काढले होते आणि मीच वाचले नव्हते. रिक्षावाल्याने मागे वळून एवढेच विचारले, ‘अजनी हाय ना भाऊ, पक्कं?’ त्या रात्री मावशीला गाडी मिळाली. माझी थट्टा मात्र अजून चालू आहे. इतवारी नावाचेही एक तिसरे स्थानक पूर्वेला आहे, म्हणून ही खातरजमा प्रत्येकाने करावीच.

गाडीच्या वेळेवर दिवसाची आखणी अवलंबून राहते. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते, तर सेवाग्राम एक्स्प्रेस आणि दुरांतो रात्री. वेळापत्रक अधूनमधून बदलते, तेव्हा नेमकी वेळ त्या आठवड्यात पाहून घ्यावी. रात्रीची गाडी असेल तर खालचा सगळा क्रम आरामात होतो. पाचची गाडी असेल तर संग्रहालय गाळावे, कारण या लेखातल्या इतर जागा दुसऱ्या कोणत्याही शहरात पाहायला मिळणार नाहीत.

दिवस कोणता आहे तेही पाहावे. सोमवारी मध्यवर्ती संग्रहालय बंद असते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असेल, तर विधानभवनाच्या आजूबाजूचे रस्ते कठड्यांनी बंद केलेले असतात, सीताबर्डीच्या बाजूने मोर्चे येत असतात, आणि रिक्षावाला नेहमीच्या वाटेने जाईलच याचा भरवसा नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, आणि त्यांच्यासोबत चालू राजकारणावर टोमणे मारणारे बडगे नावाचे पुतळे पाहायला सारे नागपूर रस्त्यावर उतरते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक त्या दिवशी गल्लीगल्लीत ऐकू येते. तो दिवस लाभला तर बाकी सगळे बेत रद्द करून मिरवणूकच पाहावी. मात्र रिक्षा मिळेल ही आशा सोडून पायीच फिरायची तयारी ठेवावी. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. ती गर्दी श्रद्धेने आलेल्यांची असते, केवळ सहलीसाठी निघालेल्याने त्या दिवशी तेथे अडचण करू नये.

ऋतूबद्दल थोडक्यात सांगायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि तेव्हा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात उन्हात पायी फिरण्याचा विचारही करू नये. डोक्याला दुपट्टा बांधणे ही येथे फॅशन नाही, गरज आहे; तो कानांवरून घेऊन बांधावा, कारण लू कानांतून लागते अशी नागपूरकरांची पक्की समजूत आहे.

सामानाची सोय आणि न्याहारी

सकाळी साडेसहाच्या आत हॉटेल सोडून स्थानकावर यावे आणि सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. तेथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावेच लागते. चेन नुसती ओढून घेतलेली बॅग परत केली जाते. एक साधे छोटे कुलूप आदल्या दिवशीच विकत घेऊन ठेवावे. पावती नुसती पाकिटात न ठेवता तिचा मोबाइलवर फोटोही काढून घ्यावा. पाण्याची बाटली, टोपी आणि एक रिकामी कापडी पिशवी एवढेच जवळ ठेवावे. पिशवीचा उपयोग संध्याकाळी कळेल.

स्थानकाची मुख्य इमारत पश्चिमेच्या बाजूला आहे. रेल्वे नागपुरात १८६७ मध्ये आली, पण आजची दगडी इमारत १९२५ ची. बाहेर पडताना दोन पावले मागे सरून तिच्याकडे एकदा पाहून घ्यावे. पूर्वेकडचे दार संत्रा मार्केटच्या बाजूला उघडते. रिक्षावाल्याशी बोलताना आपण कोणत्या दाराशी उभे आहोत हे सांगावे, नाहीतर दोघेही दोन टोकांना उभे राहून एकमेकांना फोन करीत बसतात.

न्याहारी तर्री पोह्यांचीच करावी, आणि ती हॉटेलच्या बुफेत न करता रस्त्यावरच्या ठेल्यावर करावी. पुण्या-मुंबईच्या पोह्यांची सवय असलेल्यांना येथे थोडे शिकावे लागते. वाफेवर ठेवलेले पिवळे पोहे प्लेटमध्ये पडतात, त्यावर हरभऱ्याचा रस्सा येतो, आणि मग खरा प्रश्न विचारला जातो: ‘तर्री कमी का जास्त?’ तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारा लाल तेलाचा थर. पोहेवाला पळी भांड्यात खोल न बुडवता वरच्यावर तिरपी धरतो, हरभरे मागे सारतो, आणि फक्त तो लाल थर अलगद उचलून पोह्यांवर सोडतो. पोह्यांचा रंग बघता बघता बदलतो. वर कांदा, लिंबाची फोड आणि सांबार. येथे सांबार म्हणजे इडलीबरोबरची आमटी नव्हे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि ‘सांबारवडी’ हा पदार्थ मागितल्यावर कोथिंबीर भरलेला तळलेला खमंग रोल मिळाला तर दचकू नये. पहिल्या दिवशी तर्री कमीच घ्यावी. पुढे दिवसभर चालायचे आहे.

पूर्वेची फेरी: चितारओळीपासून गांधीसागरापर्यंत

स्थानकासमोरच मेट्रोचे स्थानक आहे. तेथून प्रजापतीनगरच्या दिशेने जाणारी अ‍ॅक्वा मार्गिकेची गाडी घ्यावी आणि चितारओळ चौकात उतरावे. दोसर वैश्य चौक आणि अग्रसेन चौक ही मधली स्थानके. सकाळी सहाच्या सुमारास मेट्रो सुरू होते, त्यामुळे साडेसात-पावणेआठला चितारओळीत पोचायला काहीच हरकत नाही.

चितारओळ ही चितारी लोकांची, म्हणजे मूर्तिकार-रंगाऱ्यांची गल्ली. पोळ्यापासून गणपती, दुर्गा आणि दिवाळीच्या लक्ष्मीपर्यंतच्या दिवसांत ही गल्ली मूर्तींनी भरून वाहते. इतर वेळी ती साधी, काहीशी झोपाळू दिसते. हंगामात गेलात तर ओल्या मातीचा वास, गवताच्या पेंढ्या आणि रंग न लागलेले डोळे यांच्यामधून अंग चोरून चालावे लागते. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. काम करणारा माणूस मान हलवून होकार देतो, पण न विचारता समोर उभ्या राहिलेल्या मोबाइलमुळे त्याच्या हातावर सावली पडते, आणि ती त्याला खपत नाही.

येथून दक्षिणेकडे बडकस चौकाच्या दिशेने चालत निघावे. आता तुम्ही महालात आहात. चालता चालता एवढा इतिहास मनात असावा: देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, १७०२ च्या सुमारास, येथल्या बारा खेड्यांना एकत्र करून हे नगर वसवले. ती खेडी ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जात आणि जवळून नाग नदी वाहते, तिच्यावरून शहराला नाव मिळाले असे मानतात. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, तटबंदी घातली आणि तलाव बांधवला. त्याच्यामागे वारसांत तंटे उभे राहिले, ते मिटवायला पहिले रघूजी भोसले आले, आणि मिटवता मिटवता राज्यच त्यांच्याकडे आले. १७४३ पर्यंत नागपूर भोसल्यांचे झाले होते. गोंड राजाचा मान आणि तनखा त्यांनी राहू दिला. या घराण्याने पुढे बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशावर राज्य केले. सध्या पायाखाली असलेला, दुचाकींनी गजबजलेला, चिवड्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांचा हा रस्ता एकेकाळी त्या राज्याच्या राजधानीचा रस्ता होता, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि महाल पाहण्याची मुख्य अडचणही हीच आहे.

ती अडचण अशी की राजवाडा पाहायला गेलेल्याला येथे राजवाडा सापडत नाही. भोसल्यांचा मोठा लाकडी राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. त्यानंतरचा वाडा आहे, पण तो घराण्याच्या खाजगी निवासाचा आहे. बाहेरून पाहावे, आत जायचे तर परवानगी घ्यावी. म्हणून महालात नजर समोर न ठेवता वर ठेवावी. खाली शटर आणि फलक, पण पहिल्या मजल्यावर लाकडी कोरीव खांब, पुढे आलेले सज्जे, जुन्या मोडलेल्या झडपा अजून टिकून आहेत. मी स्वतः शाळेत असताना या रस्त्याने रोज जात असे आणि हे खांब मला पंचवीस वर्षांनी, एका बाहेरगावच्या पाहुण्याने बोट दाखवल्यावर दिसले. चिटणवीस वाड्यासारखे काही वाडे आजही उभे आहेत. कल्याणेश्वराचे आणि रुक्मिणीचे मंदिर वाटेवर विचारत विचारत सापडते. सकाळी आठ-साडेआठला तेथे निवांत बसता येते. पत्ता विचारताना चौकाचे नाव घ्यावे, रस्त्याचे नाही, कारण रस्त्यांची सरकारी नावे येथे पोस्टमनशिवाय फारसे कोणी वापरत नाही.

ज्यांना आणखी फिरण्याचा कंटाळा नाही त्यांनी येथून रिक्षाने जुनी शुक्रवारी भागात नाग नदीच्या काठावर असलेले काशीबाईचे मंदिर आणि भोसले घराण्यातल्या छत्र्या पाहून याव्यात. दगडी कोरीव काम सुरेख आहे, नदीची अवस्था तितकी नाही. वेळ कमी असेल तर हे वगळले तरी चालेल.

यानंतर पश्चिमेकडे वळून गांधी गेटपाशी यावे. जुन्या शहराच्या तटाचा हा उरलेला दरवाजा आहे. त्याच्या कमानीखाली क्षणभर थांबून दगडावर हात ठेवावा. रहदारी सतत अंगावर येत असते, म्हणून कडेलाच उभे राहावे. या दरवाजाचे मूळ नाव जुम्मा दरवाजा, मग शुक्रवार दरवाजा, आणि आता गांधी गेट. पुढे काही मिनिटांवर असलेल्या तलावाचेही तसेच झाले: जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर. गोंड, मराठे आणि स्वातंत्र्यचळवळ हे तिन्ही काळ या दोन जागांच्या नावांत एकावर एक बसलेले आहेत. जुन्या माणसाला पत्ता विचारलात तर तो मधले नाव सांगेल, रिक्षावाला शेवटचे. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी या वस्त्यांची नावे ऐकून आठवड्याचा बाजार आठवतो, आणि ती आलीही तशीच आहेत.

गांधीसागराच्या काठावर दहा-पंधरा मिनिटे बसावे. या तलावाजवळच जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून हे नाव. टाटांच्या कारखानदारीचा पहिला मोठा पाया मुंबईत न पडता येथे पडला, कारण कापूस येथे पिकत होता. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. सुरुवातीला ज्या मॉलमध्ये दिवस घालवण्याला मी नावे ठेवली, त्यांतलाच हा एक असल्याने, कोणाला तेथे जायचेच असेल तर निदान कशावर उभे आहोत ते ठाऊक असावे.

येथून स्थानक रिक्षाने पाच-सात मिनिटांवर आहे. ही सारी फेरी चालायला तीन किलोमीटरांच्या आसपास भरते आणि थांबत थांबत अडीच तास घेते. दहा-सव्वादहाला ती संपली पाहिजे, कारण त्यानंतर दुकाने उघडतात आणि महालात चालायला जागा उरत नाही.

दुपार: अजब बंगला आणि जेवण

दहानंतर सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात जावे. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगावे. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, गोंड आणि इतर आदिवासी समाजांच्या वापरातल्या वस्तू, आणि लहान मुलांना सर्वांत आवडणारे भुसा भरलेले प्राणी, असा सगळा संसार आहे. सगळी दालने पाहू नयेत. सकाळी गोंड राजाचे शहर पाहून आलेल्याने आदिवासी दालनात आणि शिलालेखांपाशी वेळ द्यावा, बाकीच्यांवरून नजर फिरवून तासाभरात बाहेर यावे.

जेवणासाठी सावजी. हे हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्या घरातून आलेले जेवण आहे. काळपट, भाजलेल्या मसाल्याचा रस्सा, पूर्वी जवसाच्या तेलात होत असे, आणि तिखटपणाबद्दल त्याची ख्याती खरी आहे. मांसाहारी मंडळी मटण घेतात. शाकाहारी माणसाने निराश होऊ नये. पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा हे दोन पदार्थ मटणाच्या बरोबरीचे आहेत. सावजी दुपारी खावे, गाडीत चढण्यापूर्वी रात्री कधीही खाऊ नये. याचे कारण अधिक स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही. तिखट अजिबात झेपत नसेल तर वडाभात शोधावा: मिश्र डाळींचे तळलेले वडे मोकळ्या भातावर कुस्करून त्यावर फोडणीचे गरम तेल.

जेवणानंतर तासभर कुठेतरी सावलीत बसावे. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर स्थानकावरच्या प्रतीक्षालयात त्यांना आडवे होऊ द्यावे. शेवटच्या दिवशी रामटेकला जाऊन येऊ, असा विचार याच वेळी कोणाच्या तरी डोक्यात येतो. रामटेक सुंदर आहे, पण जाऊन-येऊन शंभर किलोमीटरांच्या घरातला प्रवास आहे आणि परतीच्या वाटेवर एक ट्रक आडवा झाला तर गाडी गेली. त्याला वेगळा दिवस द्यावा.

पश्चिमेची फेरी: दीक्षाभूमी, सीताबर्डी, झिरो माईल

साडेतीनच्या सुमारास दीक्षाभूमीला निघावे. मेट्रोने जायचे तर सीताबर्डीला गाडी बदलून ऑरेंज मार्गिकेने रहाटे कॉलनीला उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. सरळ रिक्षा केली तर अधिक सोपे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर जमलेल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. सांचीच्या धर्तीवरचा आजचा भव्य स्तूप डिसेंबर २००१ मध्ये खुला झाला. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ आहे, म्हणून घुमटाखाली उभे राहून वर पाहता येते. चपला बाहेर काढाव्यात, आत मोठ्याने बोलू नये. आवाराच्या एका बाजूला बोधिवृक्ष आहे. त्याचे रोप श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या वृक्षापासून आणलेले. बावीस प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ घाई न करता पूर्ण वाचावा.

येथे एक तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. त्या ऑक्टोबरात नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाल्यापासून तिला हा मान होता, आणि दीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन तो गेला. पश्चिमेच्या फेरीत पुढे ज्या मोठमोठ्या इमारती दिसतात त्यांचे आकारमान एका उपराजधानीला जरा जास्त का वाटते, याचे उत्तर यात आहे.

दीक्षाभूमीहून परतताना सीताबर्डीला, नागपूरकरांच्या भाषेत बर्डीला, यावे. मेट्रोच्या उंच मार्गावरून टेकडी चांगली दिसते. खरे तर एक मोठी आणि एक लहान अशा या दोन टेकड्या आहेत आणि २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या राज्याचे भवितव्य येथेच ठरले. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स यांची कोठी टेकडीच्या पायथ्याशी होती. आप्पासाहेब भोसल्यांच्या मोठ्या फौजेने रात्रभर मारा केला. सकाळी त्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली, आणि मोठी टेकडी घेणे आता फक्त वेळेचे काम वाटत असताना इंग्रजांच्या घोडदळाने मैदानात उतरून हल्ला चढवला, तोफा हिसकावल्या, आणि डाव उलटला. संख्येने कितीतरी कमी असलेल्यांनी लढाई जिंकली. तरी अरबांनी जुन्या शहरात, म्हणजे आपण सकाळी फिरलो त्या महालात, डिसेंबर संपेपर्यंत तग धरला. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले, तो शेवटचा अंक.

टेकडीवरचा किल्ला त्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. तो लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सामान्यांसाठी उघडतो, तेव्हा इतर दिवशी फाटकापाशी जाऊन हुज्जत घालू नये. त्याऐवजी टेकडीच्या उताराला असलेल्या टेकडी गणपतीच्या देवळात जावे. स्थानकापासून ते पायी अंतरावर आहे, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी नागपूरची अनेक कुटुंबे सामानासकट येथे हात जोडून जातात.

तेथून झिरो माईल जवळच आहे. वालुकाश्माचा एक स्तंभ, उसळणारे चार घोडे आणि काही शहरांची मैलांतली अंतरे कोरलेला दगड, एवढेच पाहायला आहे आणि त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू असे सर्रास सांगितले जाते. दगडावर मात्र त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी ठरवलेली खूण म्हणून १९०७ हे साल आहे. देशाच्या बरोबर मध्याचा मान इतर ठिकाणेही सांगतात. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, भांडायला त्यांना विषय मिळतो.

झिरो माईलजवळच गोवारी शहीद स्मारक आहे, आणि पुष्कळ पाहुणे त्याच्याकडे न बघताच निघून जातात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मरण पावली. त्यांत बायका आणि मुले फार होती. घोड्यांसमोर फोटो काढून झाल्यावर चार पावले तिकडेही चालावीत.

उजेड शिल्लक असेल तर विधानभवन बाहेरून पाहावे, आणि रिक्षाने उच्च न्यायालयाच्या इमारतीवरून एक चक्कर मारून कस्तुरचंद पार्कपाशी उतरावे. न्यायालयाची इमारत १९४० ची. सूर्य मावळताना तिचा दगड फार छान दिसतो. पार्कच्या मध्यभागी छत्री आहे, भोवती फुगेवाले, पाणीपुरीवाले आणि क्रिकेट खेळणारी पोरे.

संत्री आणि परतीची वाट

सकाळची रिकामी पिशवी आता काढावी. संत्र्यांचा हंगाम दोन बहरांचा: आंबिया बहराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चात, आणि गोडीत मृगाची सरस असे जाणकार सांगतात. मे महिन्यात नागपुरी संत्री मागू नयेत. मिळालेच तर ते फळ नागपूरचे नसते किंवा ताजे नसते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ठेल्यावर ते काही चिकटवलेले नसते, तेव्हा हातानेच पारखावे लागते. एकाच आकाराची दोन फळे दोन तळहातांवर घ्यावीत. जड लागेल ते घ्यावे. साल सुटी असते हे नागपुरी संत्र्याचे लक्षणच आहे, पण दाबल्यावर आत पोकळी जाणवली आणि साल फुगलेली वाटली तर फोडी सुकलेल्या निघतात. आंबिया बहराचे फळ देठाजवळ हिरवट असले तरी गोड असू शकते. नुसत्या केशरी रंगावर भाळू नये. विक्रेत्याला ‘एक सोलून दाखवा’ म्हणण्यात कमीपणा नाही. तो बहुधा स्वतःहूनच फोड पुढे करतो आणि म्हणतो, ‘खाऊन तं पाहा ना बाप्पा, मग घ्या.’ प्लास्टिकच्या बंद पिशवीत संत्री एका रात्रीत घाम धरतात. कापडी पिशवीत न्यावीत आणि बर्थखाली सर्वांत वर ठेवावीत. हंगाम नसेल तर संत्रा बर्फी घ्यावी, डब्यावरची तारीख मात्र पाहून.

गाडीच्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी स्थानकावर पोचावे. क्लोक रूमसमोर संध्याकाळी रांग असते आणि पावती शोधण्यात एकाची पाच मिनिटे गेली की मागच्या दहांची जातात. गाडीत खायला पोळी-भाजी, आलूबोंडे, चिवडा असे कोरडे घ्यावे. कोणी कितीही आग्रह केला तरी तर्री बांधून नेऊ नये. दोन पिशव्यांत गाठ मारून दिलेली तर्रीही वर्धा येण्याआधीच बर्थवर असते.